गिरणीच्या घराण्यात आम्हीपण होतो

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत मुंबईच्या कापड गिरण्या काढणाऱ्या घराण्यांवरचा लेख वाचला, दावर, पेटिट, वाडिया सगळे आलेत, पण वाचून झाल्यावर चुटपुट लागून राहिली म्हणून लिहितोय.

कावसजी दावरांनी १८५४ मधे कंपनी काढली, १८५६ ला ताडदेवची गिरणी चालू झाली, हे बरोबर. पण या घराण्यांची गिरणीवर पकड कशी राहायची ते आलंच नाही. शेअर बाहेरच्यांनी घेतले तरी मॅनेजिंग एजन्सी, म्हणजे गिरणी चालवायचा मक्ता, घरच्याच फर्मकडे, आणि पुष्कळ गिरण्यांत एजंटाचं कमिशन नफ्यावर नव्हतं, निघालेल्या सुतावर होतं, रत्तलाला (पौंडाला) पाव आणा. म्हणजे बाजार पडला तरी सूत कातणाऱ्या चात्या फिरत राहिल्या की एजंटाचं भागतंय, आणि त्या फिरवायला माणसं लागायची, ती जॉबर, म्हणजे कामगार भरती करणारा मुकादम, आणायचा, बहुतेक आपल्याच गावची.

माझे आजोबा पेडण्यातून असेच गेले. गावचाच जॉबर, वेंगुर्ल्याहून बोट, लालबागला एका खोलीत पंधरा-सोळा जण पाळीपाळीने झोपायचे. आधी बदली कामगार, रोज गेटवर उभं राहायचं, नाव पुकारलं तर काम. मग साचेखात्यात, म्हणजे मागांवर, कायम झाले आणि काकांनाही त्यांनीच चिकटवलं. मालकाच्या मुलाला गिरणी मिळायची तशी आमच्याकडे खात्यातली जागा बापाकडून मुलाला. आमच्या घरावर कौलं त्याच पगारातून चढली. आजोबा गावी आल्यावरसुद्धा ओरडूनच बोलायचे, साच्यांच्या आवाजाने कान गेलेले, आम्हा मुलांना वाटायचं रागावलेत.

अजून एक, रविवारची सुट्टी मालकांनी दिली असं लेखात ओझरतं म्हटलंय. ती कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांनी कामगार एकत्र करून कित्येक वर्षं मागितली तेव्हा १० जून १८९० ला मिळाली, हे यायलाच हवं होतं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि काका गावी आले, गणेश चवथीपर्यंत मिटेल म्हणाले, ट्रंक भरलेलीच ठेवली होती. ती अजून माळ्यावर आहे, आत पगाराच्या चिठ्ठ्या, बदलीचं कार्ड. पेडणे, डिचोली, सत्तरीत अशा ट्रंका कितीतरी घरांत असणार, पुढची पिढी त्या भंगारात घालण्याआधी तुमचा वार्ताहर पाठवा. काका ८५ वर्षांचे आहेत, सगळं आठवतं, फक्त सकाळी आलेलं बरं, दुपारनंतर थकतात.

आपला,
एक वाचक, पेडणे