रणगाडे आहेत किती आणि चालतात किती?

महोदय,

लष्करी बळाची चर्चा करताना आपण रणगाडे, तोफा आणि हेलिकॉप्टर मोजतो. हुकूम मिळताच त्यांतली किती निघू शकतील, हे मात्र क्वचितच विचारले जाते. एप्रिल १९८०मध्ये इराणमधील ओलिसांच्या सुटकेसाठी अमेरिकेने ८ हेलिकॉप्टर पाठवली. मोहिमेला किमान ६ हवी होती. पात्याला तडा गेल्याचा इशारा मिळाल्याने एक वाटेतच सोडावे लागले, दुसरे धुळीच्या वादळातून परतले, आणि वाळवंटातील ठरल्या जागी पोहोचलेल्या सहांपैकी एकाची हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाली. उरली पाच, आणि मोहीम तिथेच सोडून द्यावी लागली.

सैन्यातील दुरुस्तीची रचना साधारणतः पायऱ्यांची असते. तेल-पाणी, ग्रीस, रणगाड्याच्या चाकांभोवतीच्या पट्ट्यांचा ताण ही रोजची देखभाल वाहनावरचे जवानच करतात. त्यापुढचे काम तुकडीबरोबर फिरणाऱ्या कारागिरांकडे आणि संपूर्ण उघडजोड मागच्या मोठ्या वर्कशॉपकडे असते. खरा कस लागतो तो कोणते काम आघाडीच्या किती जवळ करायचे, हे ठरवताना. बिघडलेले इंजिन तिथेच खोलत बसण्यापेक्षा अख्खे उतरवून दुसरे चढवले, तर रणगाडा लवकर कामाला लागतो आणि जुने इंजिन मागे सावकाश दुरुस्त होते. पण त्यासाठी जादा इंजिन आधीच जवळ लागते, आणि काटकसरीची कात्री अनेकदा नेमकी याच साठ्यावर चालते. मग एका गाडीचे भाग काढून दुसरीला लावण्याची पाळी येते. कागदावर मात्र दोन्ही गाड्या मोजल्या जातात.

जबाबदारी कोणाची, हेही निःसंदिग्ध हवे. ब्रिटिश सैन्यात ती निरनिराळ्या विभागांत विखुरलेली होती. विल्यम बेव्हरिज (ब्रिटनमधील सामाजिक सुरक्षेच्या प्रसिद्ध अहवालाचे कर्ते) यांच्या समितीने कुशल कारागिरांच्या वापराचा अभ्यास केल्यानंतर १ ऑक्टोबर १९४२ रोजी दुरुस्तीसाठी स्वतंत्र दल स्थापन झाले. तोवर महायुद्धाची तीन वर्षे उलटून गेली होती.

आज अडचण वेगळ्या ठिकाणी आहे. यंत्राचे सॉफ्टवेअर, तपासणीची उपकरणे आणि तांत्रिक आराखडे उत्पादकाने आपल्याच ताब्यात ठेवले, तर हाती पाना आणि अंगी कौशल्य असूनही सैन्यातील कारागिराला कंपनीच्या माणसाची वाट पाहावी लागते. हे हक्क करारावर सही करण्यापूर्वीच मागायला हवेत, कारण नंतर घासाघीस करण्याची ताकद खरेदीदाराकडे फारशी उरत नाही. शस्त्रखरेदीच्या बातमीत संख्या आणि किमतीबरोबर या अटीही आपण छापाव्यात, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक