विषय: 'ओलावा ठीक' असं लिहून दिलेल्या मोटरहोमची भिंत कुजलेली निघाली, त्याबद्दल तक्रार

व्यवस्थापनाला,

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवलाय आणि लगेच हे लिहायला बसलेय. यापुढे मी फोनवर बोलणार नाही, जे काय असेल ते लेखी.

बिल, चेसिस नंबर आणि तुमचा तपासणी रिपोर्ट सोबत जोडलाय. आत राहायची-झोपायची सोय आणि ड्रायव्हरच्या केबिनवर बेड असलेली जुनी मोटरहोम, तुम्ही 'तपासून प्रमाणित' म्हणून विकलेली, तीच ही. मोटरहोम जुनी घ्यायची तर इंजिनापेक्षा पाण्याची भीती जास्त, हे तुम्हाला माहीत आहे, तुमचा धंदाच तो आहे. इंजिन दुरुस्त होतं. पण बाहेरचा पत्रा आणि आतला प्लाय यांच्या मधल्या लाकडी चौकटीत एकदा पाणी मुरायला लागलं की ती आतल्या आत कुजत जाते, वरून बराच काळ काही कळत नाही, आणि कळतं तेव्हा भिंत सोलून नवीन लाकूड घालण्याशिवाय इलाज राहत नाही. मला हे माहीत होतं म्हणूनच मी घ्यायच्या आधी ओलाव्याच्या मीटरबद्दल स्वतःहून विचारलं होतं. तुमच्या माणसाने रिपोर्ट उघडला आणि बोट ठेवून दाखवलं, 'ओलावा: ठीक', पुढे टिक. त्या टिकवर विसंबून मी सगळे पैसे भरले.

पहिल्याच मोठ्या पावसात वरच्या बेडच्या कोपऱ्यात भिंतीवरचा कागद फुगला. गादी उचलली तर खालचा प्लाय काळा पडलेला, अंगठ्याने दाबला तर आत गेला. मग बाहेरचा एक स्वतंत्र टेक्निशियन बोलावला, त्याने माझ्यासमोर मीटर लावला आणि प्रत्येक ठिकाणचा आकडा लिहून दिला. १५ टक्क्यांच्या आत असेल तर कोरडं, २० च्या वर गेलं की पाणी कुठून येतंय ते शोधायचं, ३० च्या पुढे लाकूड कुजतंय असंच धरायचं. माझ्या गाडीच्या त्या कोपऱ्यात ३५ च्या वर आहे. खिडकीच्या खालच्या दोन्ही टोकांना २० च्या वर. तुमच्या रिपोर्टमध्ये एकही आकडा नाही, फक्त टिक. मीटर लावला असता तर आकडा आला असता ना? तो कुठे आहे?

त्याने छतावर चढूनही बघितलं. स्कायलाइटच्या, म्हणजे छतातल्या खिडकीच्या, भोवती आणि पुढच्या सांध्यावर नवंकोरं पांढरं सिलिकॉन फासलेलं आहे, खालचं तडकलेलं जुनं सीलंट न काढता, सरळ त्याच्यावर. मोटरहोमच्या छताला बाथरूमचं साधं सिलिकॉन लावत नाहीत कारण ते नीट धरत नाही आणि पुढे त्याच्यावर दुसरं काही चिकटतही नाही, योग्य सीलंट लावायचं तर आधी ते सगळं खरवडून काढावं लागतं, हे छताचं काम करणारा कोणीही सांगेल. म्हणजे विकण्याच्या थोडं आधी कोणीतरी वर चढलं होतं, गळती बघितली होती आणि झाकली होती. रिपोर्टमध्ये छतापुढे काय लिहिलंय? 'उत्तम'.

आता आजचा फोन. हे मी सविस्तर लिहिणार आहे कारण मला खात्री आहे की तुमच्या नोंदीत 'ग्राहकाला माहिती दिली' एवढंच असेल.

मी सगळं सांगितलं, आकडे वाचून दाखवले, तर तिकडचे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, सर आहेत का घरात? सरांना फोन द्या ना, हे जरा टेक्निकल आहे." मी म्हटलं गाडी माझ्या नावावर आहे, पैसे मी भरलेत, मीटरचे आकडे माझ्या हातात आहेत, माझ्याशीच बोला. तर म्हणे, "नाही, सरांना पटकन समजेल." मी विचारलं की प्लायमध्ये ३५ टक्के ओलावा म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे का? काही उत्तर नाही. मग थोड्या वेळाने विचारलं, "तुम्ही गाडी पावसात उभी केली होती का?" हो, केली होती! रस्त्यावर चालणारी आणि माणसांनी आत झोपायची गाडी आहे ती, पावसात उभी राहणारच. तर म्हणे, "मग पाणी जाणारच ना मॅडम, जुनी गाडी आहे." मी म्हटलं जुनी आहे हे मला माहीत आहे, मी नवी समजून घेतलेली नाही, पण तुम्ही कोरडी आहे असं लिहून दिलंत. त्यावर म्हणाले की ओलाव्याची तपासणी आमच्या पॅकेजमध्ये येतच नाही. मी रिपोर्टचं पान उघडून त्यांना ती ओळ शब्द न् शब्द वाचून दाखवली, 'ओलावा: ठीक'. तर म्हणे ते फॉर्ममध्ये आधीपासूनच टिक होऊन येतं. हे तुमचा माणूस बोललाय, मी नाही. पुन्हा विचारलं, आधीपासून टिक होऊन येतं म्हणजे कोणी तपासत नाही का? तर, "मॅडम तुम्ही आवाज वाढवू नका, सरांना सांगा कॉल करायला," आणि फोन कट.

मी आवाज वाढवला होता, हो. माझ्या जागी कोणीही वाढवला असता.

आणि प्लाय एका पावसात कुजत नाही. पाणी मुरतं, सुकतं, पुन्हा मुरतं, असं बराच काळ चालल्यावर लाकूड इतकं मऊ होतं की अंगठा आत जावा. मी गाडी घेतली त्याच्या कितीतरी आधीपासूनचं आहे हे, आणि ज्याने खरोखर गादी उचलून बघितलं असतं त्याला दिसलंच असतं.

एकदा विश्वास उडाल्यावर मी बाकीचा रिपोर्टही टेक्निशियनसोबत बसून तपासला. 'लाइट व इलेक्ट्रिक: ठीक'. तुमच्याकडे गाडी बाहेरच्या वीज कनेक्शनला जोडलेली होती, त्यामुळे लाइट लागणारच, बॅटरी मेलेली असली तरी. वायर काढून बॅटरी तासभर नुसती ठेवून व्होल्टेज बघायला पाहिजे होतं, चांगली चार्ज झालेली लेड-ॲसिड बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, ही रात्रभर चार्ज करूनही १२ च्या खाली येतेय. 'पाण्याची व्यवस्था: ठीक'. टाकी रिकामी होती! टाकी भरून पंप चालू केला आणि सगळे नळ बंद ठेवले तर पंप थोड्या वेळाने आपोआप घुर्र करतो, म्हणजे पाइपमध्ये कुठेतरी गळतंय, ही पाच मिनिटांची टेस्ट आहे. 'फ्रिज: चालू'. आतला दिवा लागला म्हणजे फ्रिज चालू असं होत नाही, हा अमोनियावर चालणारा ॲब्सॉर्प्शन फ्रिज आहे, थंड व्हायला कित्येक तास घेतो, आदल्या दिवशी लावून ठेवावा लागतो. मागची जाळी काढली तर कूलिंग युनिटच्या पाइपवर पिवळी पूड जमलेली आणि अमोनियाचा वास, म्हणजे युनिट फुटलंय. टायरला 'झिजलेले नाहीत' लिहिलंय, ते बरोबर आहे, मोटरहोम नुसत्या उभ्या असतात म्हणून टायर झिजत नाहीत, वयाने जातात. कोड वाचा, २३१४, म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. टायरच्या बाजूच्या भिंतींवर चिरा आहेत. अशा टायरवर इतकी जड गाडी घेऊन हायवेला मी जाणार होते, मुलं मागे झोपलेली असताना. आणि गॅस गळतीच्या अलार्मवर मागे छापलेली मुदत केव्हाच संपलीये. याचा मला सगळ्यात जास्त राग आलाय, कारण भिंत कुजली तर पैसे जातात, पण गॅसचा अलार्म वाजला नाही तर आत झोपलेली माणसं जातात.

जुन्या गाडीत बॅटरी बदलावी लागते, टायर बदलावे लागतात, त्याची माझी तयारी होती. आधी सांगितलं असतं तर तो खर्च धरून भाव ठरवला असता किंवा ही गाडी सोडून दिली असती. तुम्ही मला ते ठरवूच दिलं नाहीत. तपासणीचे पैसे वेगळे घेतलेत, आणि तपासणीच केली नाहीत. ओलाव्याचा आकडा कुठे आहे हे मी पुन्हा विचारतेय कारण आजपर्यंत कोणीही त्याचं उत्तर दिलेलं नाही.

तुमचं नाव ऐकूनच आम्ही आलो होतो. कोणा अनोळखी माणसाकडून याहून स्वस्तात मिळत होती, ती नको म्हटलं, कारण कंपनी तपासून देते म्हणजे निश्चिंत. माझ्या बहिणीलाही मी तुमच्याकडेच पाठवणार होते. आता तिला हा रिपोर्ट आणि टेक्निशियनचा रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून दाखवलाय.

माझी मागणी अशी. गाडी परत घ्या आणि तपासणीच्या फीसकट पूर्ण रक्कम परत करा. ते करणार नसाल तर कुजलेली भिंत, छत, फ्रिज, पाण्याची लाइन आणि गॅसचं सगळं काम मी निवडलेल्या टेक्निशियनकडून तुमच्या खर्चाने होईल, भिंती बंद करायच्या आधी पुन्हा मीटर लावला जाईल आणि प्रत्येक जागेचा आकडा मला लेखी मिळेल. ज्याने या रिपोर्टवर सही केली त्याने छतावर चढून बघितलं होतं की नाही, याचंही लेखी उत्तर पाहिजे. आणि तुमच्या फॉर्ममध्ये आधीपासून टिक होऊन येत असेल तर तो फॉर्म आजच्या आज बंद करा, कारण माझ्यानंतरही कोणीतरी त्याच टिकवर भरवसा ठेवून गॅसच्या शेगडीशेजारी मुलांना झोपवणार आहे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर ग्राहक न्यायालयात जाणार आहे. दोन्ही रिपोर्ट, छताचे फोटो, मीटरचे फोटो आणि आजच्या कॉलचं रेकॉर्डिंग वकिलाकडे देतेय. उत्तर माझ्या नावाने पाठवा. सरांच्या नावाने आलं तर उघडणार नाही.

— गाडीची मालकीण (नाव व नंबर बिलावर आहे)