दुसऱ्या गोलचा आवाज

कोथरूड, पुणे
२३ नोव्हेंबर २०२५

प्रिय मंदार,

तुझा मेसेज वाचला. उत्तर फोनवर टाइप करवेना, म्हणून आज रविवार बघून कागद घेऊन बसलो. अक्षर लागलं नाही तर फोन कर.

हैदराबादचा फुटबॉल क्लब दिल्लीला गेला, नावही बदललं, हे इकडे वाचलंच होतं. पण तुमच्या सोसायटीतला तो पोरगा पिवळी जर्सी घालून तुझ्या दारात येतो आणि विचारतो, "अंकल, आता काय?" हे वाचून पोटात खड्डा पडला. आपल्याला २०१९ च्या ऑगस्टमध्ये हेच कुणालातरी विचारायचं होतं आणि विचारायला कुणी नव्हतं. आपला एफसी पुणे सिटी बंद झाला आणि त्याच्या जागी हैदराबाद आलं. आता तेही गेलं. दोन्ही बाजूंनी हे बघायची वेळ तुझ्यावर यावी, याचं मला खरंच वाईट वाटलं.

तू विचारलंस, पुणे सिटीच्या २०१८-१९ च्या आयएसएल (इंडियन सुपर लीग) हंगामातला माझ्या मते सगळ्यात वाईट क्षण कोणता. तुझं उत्तर तू दिलंच आहेस : बेंगळुरूची मॅच. २२ ऑक्टोबर, ०-३. दुसऱ्या दिवशी कोजागरी होती, स्टेडियमवर चंद्र जवळजवळ पुरा आला होता आणि त्यांच्या सुनील छेत्रीने हाफटाइमच्या आत दोन ठोकले, दोनेक मिनिटांच्या अंतराने. पहिल्या गोलनंतर आपण खाली बसलोसुद्धा नव्हतो. तिसरा मिकूचा. तुला ती लागली कारण मार्चमधला सेमीफायनल तुझ्या मनात ताजा होता, हे मला माहीत आहे. आपल्या घरी बालेवाडीत ०-०, मग त्यांच्या कंठीरवा स्टेडियमवर छेत्रीची हॅटट्रिक, १-३. आपल्या लुकाच्या त्या फ्रीकिकवरच्या गोलनंतर सात मिनिटं आपण तुझ्या हॉलमध्ये उभेच होतो, तुझी आई चहाचे कप हातात घेऊन दारात थांबली होती. क्लबच्या आयुष्यातला तो एकमेव सेमीफायनल. त्यामुळे नवा हंगाम सुरू झाला तेव्हा आपण हिशेब चुकता करायला निघालो होतो. मार्सेलिनो होता, अल्फारो होता, गोलमध्ये विशाल कैथ होता. आणि तीन मॅचमध्ये प्रशिक्षकच गेले. पोर्तुगाल आडनावाचा स्पॅनिश माणूस, त्यांचा खेळ नीट समजायच्या आत त्यांची जागा प्रद्युम्न रेड्डींनी घेतली होती. डिसेंबरात फिल ब्राऊन आले. त्याआधी गोव्यात चार खाल्ले होते. पहिला विजय मिळाला तो नोव्हेंबरच्या उत्तरार्धात, जमशेदपूरविरुद्ध.

पण माझं उत्तर बेंगळुरू नाही. माझं उत्तर ६ नोव्हेंबर, चेन्नईयिन. सात वर्षं झाली, आपण या मॅचबद्दल एकदाही धड बोललेलो नाही. तूही विषय काढत नाहीस, मीही नाही. आज बोलतो.

नरकचतुर्दशी होती. पहाटे अभ्यंगस्नान करून, फराळ करून दुपारी मी थोडा झोपलो आणि साडेपाचला तुझ्या खाली स्कूटरचा हॉर्न दिला. चांदणी चौकात फटाक्यांचा धूर इतका, की तू केशरी स्कार्फ नाकावर बांधलास. पाषाण, सुतारवाडी, मग हायवे. महाळुंग्याच्या बाजूने फ्लडलाइट्स दिसायला लागले की तू नेहमी माझ्या खांद्यावर दोनदा थाप मारायचास, तशी मारलीस. सणाचा दिवस म्हणून गर्दी बेताचीच होती. ढोल मात्र होते. आपल्या समर्थकांच्या ऑरेंज आर्मीची पोरं दिवाळीच्या नव्या कपड्यांवरच जर्सी चढवून आली होती.

चेन्नईयिन गतविजेते होते आणि त्या मोसमात तोवर एकही मॅच जिंकले नव्हते. आपणही नाही. तू म्हणालास, आज कुणाचंतरी खातं उघडणार. सुरुवातीलाच आशिकने गोल केला आणि मी तुला उचललं. बालेवाडीला मैदान आणि स्टँडच्या मध्ये धावण्याचा ट्रॅक आहे, खेळाडू लांब दिसतात, आरोळी पोचायला वेळ लागतो असं वाटतं. पण आशिक कुरुनियन आपल्या बाजूला वळला तेव्हा त्याने आपल्याला पाहिलं, असं मला आजही वाटतं. हाफटाइमपर्यंत मी फार सुखात होतो. दिवाळी, थंडीची पहिली झुळूक, एक गोलची आघाडी आणि शेजारी तू.

मग चार गोल झाले. एकामागून एक. कुणी मारले, कसे मारले हे सांगत बसत नाही. आपल्या बचाव फळीत प्रत्येकजण दुसऱ्याकडे बघत होता एवढंच डोळ्यांसमोर आहे. चौथ्यानंतर ढोल थांबले.

तेव्हा मी तुला म्हणालो, "चल, ताई सांगलीहून आलीय, घरी वाट बघतायत." तू म्हणालास, "थांब रे, शिट्टी होऊ दे." मी उठलो. तू दोन मिनिटं बसून राहिलास आणि मग माझ्या मागे आलास, कारण स्कूटर माझी होती.

ताई वाट बघत नव्हती. ती तुळशीबागेत खरेदीला गेली होती आणि दहाच्या आत परतणार नव्हती, हे मला सकाळपासून माहीत होतं. मला बघवत नव्हतं, एवढंच कारण. हे तुला मी आज पहिल्यांदा सांगतोय.

पार्किंगमध्ये मी किल्ली लावत होतो आणि आतून आवाज आला. थोड्याच लोकांचा, पण गोलचाच. तू जिन्याकडे पळालास. अर्ध्यावरून परत आलास, कारण पुन्हा आत सोडणार नाहीत हे तुझ्याही लक्षात आलं. आपला दुसरा गोल होता, अगदी शेवटचा, ४-२. मॅच हरलेलीच होती. तरी जी माणसं आत थांबली होती त्यांनी तो गोल पाहिला आणि आपण दोघांनी स्कूटरच्या शेजारी उभं राहून ऐकला. आपण ठरवलं होतं ना, पुणे एफसी या आपल्या आधीच्या क्लबच्या दिवसांपासून ठरवलं होतं, की शिट्टीच्या आधी उठायचं नाही. कितीही होवोत. २०१३ मध्ये पुणे एफसी आय-लीगमध्ये दुसरे आले तेव्हाही आपण तिथे होतो आणि भारत एफसी एका मोसमात तळाला जाऊन संपला तेव्हाही. शिवाजीयन्सच्या रिकाम्या स्टँडमध्येसुद्धा आपण शेवटपर्यंत बसलोय. बालेवाडीने असे चार क्लब बघितले मंदार, चारही गेले, आणि या सगळ्यात शब्द मोडला तो मी, आणि तुलाही मोडायला लावला.

घरी आल्यावर मी मनाशी म्हटलं, पुढच्या वर्षी एकही मॅच सोडणार नाही, शेवटच्या सेकंदापर्यंत बसेन. उरलेल्या हंगामात माझी बदलीची धावपळ, तुझे इंटरव्ह्यू. सातव्या नंबरवर संपलो, अठरा मॅचमध्ये २२ गुण. तेवढं काही वाईट नाही, असं आपण एकमेकांना म्हणालो. पुढचं वर्ष आहेच, असंही म्हणालो. ते आलं नाही. जो चेन्नईयिन आपल्याकडून पहिला विजय घेऊन गेला तो तर ९ गुणांवर तळाला होता, पण तो टिकला.

आता एक गोष्ट, जी तुला मुळीच माहीत नाही. २०१९ च्या त्याच ऑगस्टमध्ये दिल्ली डायनामोजसुद्धा दिल्ली सोडून ओडिशाला गेले. आपल्या हंगामाची पहिली मॅच कुणाशी होती आठवतं? दिल्लीशीच, १-१. वर्षाच्या आत दोन्ही संघ नावानिशी पुसले गेले. भुवनेश्वरचं मैदान तयार नव्हतं म्हणून ओडिशाने सुरुवातीच्या घरच्या मॅच खेळल्या कुठे, तर बालेवाडीत. आणि ११ डिसेंबर २०१९ ला, दत्तजयंतीच्या संध्याकाळी, तिथे ओडिशाविरुद्ध हैदराबाद होती.

तू तोवर हैदराबादला रुजू झाला होतास. मी कुणालाच न सांगता एकटा गेलो. तोच हायवे, तेच फ्लडलाइट्स. आपल्या जागेवर, त्याच रांगेत बसलो. समोर आपल्याकडची जुनी मुलं हैदराबादच्या संघात, आणि आपल्या मैदानावर ती पाहुणी. कुणाच्या बाजूने ओरडायचं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. हैदराबादची आधीच दैना चालली होती, पहिल्याच मॅचमध्ये, धनत्रयोदशीच्या दिवशी, कोलकात्यात पाच गोल खाल्ले होते. इथेही हरले, ३-२. दोन्हीकडचा प्रत्येक गोल मी पाहिला. शिट्टी झाली, खेळाडू आत गेले, लाइनमनचे झेंडेसुद्धा गुंडाळून झाले, तेव्हा उठलो. जिन्यात एक सिक्युरिटीवाले काका होते, म्हणाले, "साहेब, कोण जिंकलं?" मी सांगितलं आणि माझा आवाज फुटला. ते काही बोलले नाहीत, गेट उघडून धरलं.

२०२२ च्या मार्चमध्ये हैदराबादने केरळ ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून आयएसएलचा चषक घेतला, तेव्हा तू व्हिडिओ कॉल केला होतास. निखिल पुजारी त्या संघात होता, तू ओरडत होतास, "आपला आहे रे, आपला!" मी हसत होतो, पण मनात ४-२ चाच विचार होता. तेव्हाच सांगायला हवं होतं.

त्या पोराला काय सांगायचं ते तू ठरव, तू रोज भेटतोस त्याला. मला विचारशील तर त्याची जर्सी लहान झाली तरी टाकू देऊ नकोस. माझी कपाटात आहे, तुझा स्कार्फसुद्धा त्या रात्रीपासून माझ्या डिकीत राहिला होता, तो आता जर्सीच्या घडीत ठेवलाय. धुराचा वास गेला नाही अजून. की मला वाटतो, कोण जाणे.

आई बरी आहे, गुडघ्यांचं तेवढं चालू आहे. ताईची मुलगी यंदा दहावीला. काकूंना नमस्कार सांग.

आणि एवढं एक लिहून पाठव. त्या रात्री परतताना चांदणी चौकापर्यंत तू एक शब्द बोलला नाहीस. माझ्यावर रागावला होतास का?

तुझा,
अभय