आधी त्या रात्रीचं सांगते

पुणे, ८ मार्च

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

नागपूरहून गाडीत बसल्यापासून हे पत्र डोक्यात घोळतं आहे. फोनवर बोलायला गेले की बाबा "बरं बरं, ठेवू?" म्हणतात आणि आई जावयाच्या डब्याचं विचारते. म्हणून लिहून पाठवते आहे. बाबांनी मोठ्याने वाचावं, आईचा चष्मा नेमका देवघरात राहिलेला असतो.

आई, आधी एक गोष्ट सांगते, जी मी तुझ्यापासून लपवली. बाबा, तुम्ही सांगू नको म्हणाला होतात, माफ करा. मी आले त्याच्या चौथ्या रात्री, साडेतीनच्या सुमारास, पॅसेजमधून धप्प आवाज आला. बाबा बाथरूमच्या दाराशी फरशीवर बसले होते. लागलं काही नव्हतं. उठायला गेले. एक हात भिंतीला, एक गुडघ्यावर. अर्धे उठले आणि परत बसले. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा मी मागून काखेत हात घातले तेव्हा उभे राहिले, आणि कितीतरी वेळ त्यांनी माझं मनगट सोडलं नाही. "अंधारी आली बस, काही नाही झालं. आईला सांगू नको, मग ती झोपायची नाही."

तीस वर्षं प्रतापनगरहून सिव्हिल लाइन्सला सायकल मारणारा माणूस आपल्याच घरात फरशीवरून उठू शकला नाही, हे मला अजून पचत नाही.

गाडी वर्ध्याला पोचेपर्यंत मी एकच हिशोब करत होते, आपल्या घरातून काय काय सुटत गेलं. जमिनीवरची पंगत सुटली, कारण आईचे गुडघे. सायकल सुटली, कारण रस्त्यावरची रहदारी. आईचं भजनी मंडळ २०२०च्या लॉकडाऊनमध्ये बंद पडलं ते पडलंच. बाबांचं पहाटे अंबाझरी तलावावर फिरायला जाणं सुटलं, कारण सप्टेंबर २०२३च्या पुरात तुमच्या फिरायच्या जोडीदाराच्या घरात पाणी शिरलं आणि पुढे ते मुलाकडे हैदराबादला गेले. प्रत्येक वेळी कारण खरं होतं, त्यात कोणाची चूक नाही. पण आता दिवसात उरलं काय, तर खुर्ची, दिवाण आणि पलंग. मी तुम्हाला नवीन काही शिकवायला बसलेले नाही. सुटलेलं जेवढं परत धरता येईल तेवढं धरा, एवढंच मागते आहे.

सुरुवात पायांपासून. माझा खांदा धरला होता तेव्हाच्या फिजिओथेरपिस्टने मला एक साधी मोजणी शिकवली होती. भिंतीला टेकवलेली खुर्ची, हात छातीवर घडी केलेले, आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येतं ते मोजायचं. निघायच्या आदल्या दिवशी मी तुमच्याकडून करून घेतलं ते हेच. बाबांचे ७ झाले, आईचे ९. तेव्हा मी काही बोलले नाही. बाबांच्या वयाला, सत्तर ते चौऱ्याहत्तरच्या पुरुषांत, १२ च्या खाली गेलं तर पडण्याचा धोका वाढलेला धरतात. आईच्या वयाला ती रेघ ११ ची आहे. पण पायाचे स्नायू सत्तरीतसुद्धा परत भरतात, कामाला लावले की. सकाळच्या चहाआधी दहा वेळा, संध्याकाळच्या दिव्यानंतर दहा वेळा, उठून बसायचं. बसताना धपकन नाही, सावकाश, कारण खाली जातानाच मांडीला खरा जोर पडतो. पहिले काही दिवस खुर्चीचे हात धरले तरी चालेल. छातीत दुखलं किंवा गरगरलं तर तिथेच थांबायचं.

आणि आई, तू ओट्याशी उभी असतेसच. कुकरची एक शिट्टी होईपर्यंत ओटा धरून एका पायावर उभी राहा, पुढच्या शिट्टीला दुसऱ्या. पासष्टीच्या पुढे तोल सांभाळायचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस तरी करावेत असं जागतिक आरोग्य संघटनासुद्धा सांगते. तुझ्या वरणाला तीन शिट्ट्या लागतात, म्हणजे तुझं रोजच होईल.

आता त्या अंधारीचं. बाबा, तुम्ही ज्या दवाखान्यात गेला होतात तिथे चार मिनिटांत "वय झालं की होतं" म्हणून परत पाठवलं, त्याचा मला राग आहे. नुसतं वय झालं म्हणून अंधारी येत नाही, तिला कारण असतं. झोपलेला माणूस एकदम उभा राहिला की रक्त पायांकडे उतरतं. शरीराने लगेच शिरा आवळून ते वर ढकलायचं असतं. वयाने आणि बीपीच्या काही गोळ्यांनी हे काम मंदावतं, मग डोक्याला क्षणभर रक्त कमी पडतं. आपल्याकडे बीपीचं मशीन आहे आणि तुमच्या हाताला डायरी लिहायची सवय आहे. पाच मिनिटं पडून राहा, बीपी घ्या. मग उभे राहा, एका मिनिटाने घ्या, तीन मिनिटांनी परत घ्या. आई शेजारी उभी असू दे. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरत असेल तर ती पानं घेऊन डॉक्टरांकडे जा आणि गोळीची वेळ, मात्रा, सगळं विचारा. आपल्या मनाने गोळी बंद करायची नाही. रात्री दोन-तीनदा का उठावं लागतं तेही त्याच वेळी विचारा, लाजू नका. तोवर रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला बसायचं, पावलं दहा-वीसदा वरखाली करायची, मग उभं राहायचं. पॅसेजमध्ये मी छोटा दिवा लावून आले आहे, तो मालवू नका, त्याला वीज नावापुरती लागते. कमोडशेजारी हँडल बसवायला गुरुवारी माणूस येईल, पैसे दिलेले आहेत.

होळी झाली की आपल्याकडे ऊन काय असतं ते मी तुम्हाला सांगायला नको. पारा पंचेचाळिशीच्या वर जातो आणि मेअखेरच्या नवतपात रात्रसुद्धा निवत नाही. वय वाढलं की तहान लागणंच कमी होतं, शरीराला पाणी हवं असतं पण घसा मागत नाही. म्हणून तहानेवर विसंबू नका. सकाळी माठातल्या पाण्याच्या दोन बाटल्या भरून समोर ठेवा आणि संध्याकाळी सातपर्यंत संपवा, त्यानंतर घोटघोट. म्हणजे रात्रीचं उठणंही कमी होईल. ताक प्या, पण बाबांच्या ताकात मीठ चिमटीभरच. दिवसभराचं सगळं मिळून मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर, आणि त्यात लोणचं-पापड आलेच. आई, तुझं पन्हं गुळाशिवाय, जिरं घालून. आणि कूलर लावलास की खिडक्या गच्च बंद करू नको. कूलर ताट्यांवरच्या पाण्याची वाफ करून हवा गार करतो. ती ओली हवा बाहेर पडायला समोरची खिडकी उघडी लागते, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा होतो आणि घाम वाळत नाही.

आई, आता तुझ्या ताटाबद्दल. पंधरा दिवस मी बघितलं. सगळ्यांचं झालं की तू ओट्याशी उभी राहून सकाळची पोळी चहात बुडवून खातेस. एक दिवस मी मागून बघत होते. पोळी मोडलीस, चहात सोडलीस, बोटाने काढलीस, आणि तेवढ्यात दुसऱ्या हाताने कढईही घासायला घेतलीस. चार मिनिटांत जेवण झालं. साखरेच्या पेशंटने पोळी आणि चहावर रात्र काढली की स्नायू झिजतात आणि साखरही चढते. उतारवयात वजनाच्या दर किलोमागे साधारण एक ग्रॅम प्रथिनं रोज लागतात, म्हणजे तुला अठ्ठावन्नच्या आसपास. आपल्या पातळ वरणाच्या वाटीत जेमतेम चार-पाच ग्रॅम असतील. त्यासाठी डब्यातली पावडर नको. आपलंच जेवण नीट जेव. वरण घट्ट कर. पाटवडी कर, झुणका कर, बेसनात प्रथिनं भरपूर असतात. चार वाजता दोन मुठी फुटाणे. रात्री भाकरीबरोबर जवसाची चटणी आहेच, शेजारी वाटीभर दहीही असू दे. आणि संत्री सोलून खा, रस काढू नको, रसात साखर राहते आणि चोथा जातो. तुम्हा दोघांच्या किडनीचे रिपोर्ट जुने झालेत, तेवढे एकदा करून डॉक्टरांना दाखवा. तुझ्या तळपायांना मुंग्या येतात म्हणालीस. तू सहा वर्षं मेटफॉर्मिन घेते आहेस, त्याने कधीकधी बी-१२ कमी होतं. तीही तपासणी सांगून घे.

आणि बसून खा. बाबा, तुम्ही जेवून उठू नका, ती बसेपर्यंत थांबा. मग दोघं मिळून दहा-पंधरा मिनिटं गल्लीत फिरून या. जेवणानंतर चाललं की पायाचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, आईला त्याचा फायदा होतो, आणि तुम्हाला अकरापर्यंत बातम्यांसमोर बसावं लागत नाही. बातम्या साडेनऊला बंद. दुपारची झोप अर्धा तास, तीनच्या आत. दुपारी साडेपाचपर्यंत झोपलं तर रात्री तीनला डोळे उघडणारच.

बाबा, तुमच्याशी एक बोलायचं आहे, आणि ते मला पायांपेक्षा मोठं वाटतं. जोडीदार हैदराबादला गेले म्हणून तुम्ही अंबाझरीला जाणं सोडलंत, हे अर्धं खरं आहे. मी तुमच्यासोबत एकदा गेले होते ना? बाकावर सहा-सात जण बसले होते, कोणीतरी गंमत सांगितली आणि सगळे हसले. तुम्ही अर्ध्या सेकंदाने, त्यांचे चेहरे बघून हसलात. मग उठून कडेकडेने चालायला लागलात. तुम्हाला ऐकू आलं नव्हतं. घरी टीव्हीचा आवाज ४२ वर असतो, आई एकटी असली की १८ वर. तुम्ही माणसांना कंटाळलेले नाही आहात बाबा, तुमच्यापर्यंत त्यांचं बोलणं पोचत नाही. २०२४मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी चौदा कारणं सांगितली, त्यात कमी ऐकू येणं आहे, आणि एकटं पडणंही आहे. तुमच्या बाबतीत एक दुसऱ्याला घेऊन आलं आहे. कदाचित नुसता मळ असेल, दहा मिनिटांत निघेल. कदाचित यंत्र लागेल. लागलं तर लागलं, चष्मा लावताच ना? मेडिकल कॉलेजच्या कान-नाक-घसा ओपीडीत दाखवा, नाहीतर धंतोलीत ओळखीच्या डॉक्टरांकडे. पण उन्हाळा तापायच्या आत. मग साडेपाचला निघा, सातच्या आत परत या.

आई, मावशी गेली त्याला आठ महिने झाले. तू रडलेली मी पाहिली नाही. पण कुरड्यांचं विचारलं तर म्हणालीस, "कोणासाठी करू?" मला ते वाक्य रोज ऐकू येतं. दरवर्षी गच्चीवर तुम्ही दोघी चिक घाटायच्या, सरगुंडे करायच्या, आणि तू गात असायचीस. आता मी पंधरा दिवसांत तुला एकदाही गुणगुणताना ऐकलं नाही. मंडळ परत सुरू करायला वीस बायका कशाला लागतात? समोरच्या काकू आणि शेजारच्या वहिनी मला जिन्यात भेटल्या तेव्हा आपणहून विचारत होत्या. गुरुवारी संध्याकाळी तिघी बसा. तरीही रात्री छातीवर दगड ठेवल्यासारखं होत असेल तर टेलिमानसचा १४४१६ नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, कधीही. मी तो फ्रिजवर चिकटवून आले आहे, बाबांच्या लाइटबिलाखाली. मला फोन केलास तर सगळ्यात आधी मी उचलीनच, रात्री दोनला केलास तरी.

मी २ मेला येते आहे. दहा दिवस आहे. मला कुरड्या घालायच्या आहेत, चिक मी घाटीन, तू चव बघ. गहू तेवढे तीन दिवस आधी भिजत घाल.

रविवारी सकाळी फोन करीन. बाबा, खुर्चीचा आकडा डायरीतून वाचून सांगा. आठ झाले असले तरी सांगा.

तुमची,
मीनू

ता. क. आई, बाथरूमसमोरचं ते विणलेलं पायपुसणं मी गुंडाळून माळ्यावर टाकलं आहे. तू केलेलं आहे, मला माहीत आहे. त्या रात्री बाबांचा पाय त्याच्यावरच होता.