शिंकांचे औषध पोळ्याला सुरू करा

संपादक महोदय,

गौरी-गणपती उरकले आणि पाऊस ओसरू लागला की औषधाच्या दुकानांत एक मागणी रोज ऐकू येते, ‘शिंकांवर काहीतरी द्या.’ सकाळी उठल्याबरोबर ओळीने दहा-बारा शिंका, पाण्यासारखे वाहणारे नाक, टाळूला आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांत खाज. ताप मात्र नाही. माणूस ‘हवा बदलली’ म्हणतो आणि सर्दीची गोळी घेऊन जातो. सर्दी आठ-दहा दिवसांत जाते, हा त्रास दिवाळीपर्यंत हलत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर हा आपल्याकडे गवतांच्या आणि गाजर गवताच्या फुलोऱ्याचा काळ आहे आणि त्यांचे परागकण वाऱ्यावर फिरत असतात. हा त्रास सर्दीचा नव्हे, बहुधा त्या परागकणांच्या ऍलर्जीचा असतो. यावर चांगली औषधे आहेत. ती उशिरा सुरू होतात, चुकीच्या पद्धतीने घेतली जातात आणि मग ‘काहीच लागू पडत नाही’ अशी समजूत होते. फार्मासिस्ट म्हणून याबद्दल सविस्तर लिहिणे मला गरजेचे वाटते.

ठरावीक मोसमात दर वर्षी नाक धरणाऱ्यांसाठी सर्वांत परिणामकारक औषध म्हणजे नाकात मारायचा स्टिरॉइडचा स्प्रे, म्हणजे फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोन. ‘स्टिरॉइड’ हा शब्द ऐकून लोक बिचकतात. पण या स्प्रेचे औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजले जाते, नाकाच्या अस्तरावरच काम करते आणि रक्तात फारच थोडे उतरते. त्याची सवयही लागत नाही. अडचण एवढीच की त्याचा पूर्ण परिणाम दिसायला एक ते दोन आठवडे लागतात. म्हणून ज्यांना दर वर्षी गणपतीनंतर त्रास होतो त्यांनी डॉक्टरांना विचारून पोळ्याच्या सुमारास स्प्रे सुरू करावा आणि मोसम संपेपर्यंत रोज घ्यावा. शिंका आल्या की एक फवारा, नाहीतर नाही, अशा वापराने फारसे हाती लागत नाही. मोठ्यांना बहुधा सुरुवातीला प्रत्येक नाकपुडीत दोन फवारे दिवसातून एकदा आणि आराम पडल्यावर एक असे देतात. मुलांचे प्रमाण डॉक्टरच ठरवतील.

स्प्रे मारण्याच्या पद्धतीवर बरेच अवलंबून असते, आणि ती दुकानात किंवा दवाखान्यात क्वचितच कोणी दाखवते. आधी नाक हलके शिंकरून साफ करावे. बाटली हलवावी. नवी बाटली असेल तर बारीक धुके बाहेर पडेपर्यंत हवेत पाच-सहा फवारे सोडावेत, नाहीतर पहिले दोन दिवस नाकात फक्त हवा जाते. मान किंचित पुढे झुकवावी, मागे टाकू नये. उजव्या नाकपुडीसाठी बाटली डाव्या हातात, डाव्यासाठी उजव्या हातात धरावी. असे केल्याने नळीचे तोंड आपोआप बाहेरच्या बाजूला, म्हणजे त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे वळते. नळी मधल्या पडद्याकडे रोखली तर तो कोरडा पडतो आणि नाकातून रक्त येते. स्प्रे सोडून देण्यामागे हे कारण पुष्कळदा असते. फवारा मारताना श्वास अलगद घ्यावा. जोरात ओढला की औषध घशात उतरते, घशाला चव लागते आणि नाकाला काही मिळत नाही. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटे नाक शिंकरू नये.

त्रास सौम्य असेल किंवा खाज आणि शिंकाच जास्त असतील तर गोळी पुरते. सेटिरिझिन १० मिलिग्रॅम, लेव्होसेटिरिझिन ५, फेक्सोफेनाडिन १२० किंवा १८०, बिलास्टिन २० यांपैकी एक, दिवसातून एकदा. सेटिरिझिन आणि लेव्होसेटिरिझिनने काहींना पेंग येते, म्हणून ती रात्री घ्यावीत. फेक्सोफेनाडिनने झोप फारशी येत नाही, पण ती संत्र्या-सफरचंदाच्या रसाबरोबर घेतली तर शरीरात नीट शोषली जात नाही. ती साध्या पाण्याबरोबर घ्यावी. ॲसिडिटीचे पातळ औषध तिला लागून घेऊ नये. बिलास्टिन रिकाम्या पोटी, जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी. एवढ्या साध्या गोष्टी पाळल्या नाहीत म्हणून ‘गोळी निकामी’ ठरते. नाक चोंदण्यावर मात्र या गोळ्या कमी पडतात, तिथे स्प्रेच हवा.

दुकानातून सर्वाधिक नेली जाणारी ‘सर्दीची गोळी’ या आजारासाठी बनलेलीच नाही. तिच्यात बहुतेक वेळा पॅरासिटामॉल असते, ताप नसताना त्याची गरज काय? क्लोरफेनिरामिन असते, त्याने दुचाकी चालवताना डुलकी लागू शकते. आणि फिनाइलेफ्रिन असते. ते तोंडावाटे घेतल्यावर चोंदलेल्या नाकावर उपयोगी पडत नाही, असे अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये एकमताने म्हटले. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिनचे एकत्रित औषध चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा आपल्या औषध महानियंत्रकांचाही डिसेंबर २०२३ चा आदेश आहे. तरी बाळाच्या सर्दीसाठी जुनी बाटली कपाटातून निघतेच.

नाक चटकन मोकळे करणारे थेंब, म्हणजे झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन, हा त्याहून मोठा सापळा. पाच मिनिटांत श्वास मोकळा होतो, म्हणून माणूस त्यांच्या प्रेमात पडतो. पण तीन ते पाच दिवसांपलीकडे वापरले तर रक्तवाहिन्या उलट जास्त फुगतात, मग थेंबांशिवाय झोप लागत नाही आणि महिन्याला बाटल्यांवर बाटल्या संपतात. नाक कायम बंद राहण्याचे कारण आता ऍलर्जी नसून थेंबच असतात. यातून बाहेर काढायला डॉक्टर स्टिरॉइड स्प्रे सुरू करून थेंब आधी एका नाकपुडीचे आणि मग दुसरीचे थांबवतात. पहिला आठवडा कठीण जातो, नंतर नाक सुटते. उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी तर हे थेंब विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

मॉन्टेलुकास्ट आणि लेव्होसेटिरिझिन एकत्र असलेली गोळी आपल्याकडे सर्रास दिली जाते. मॉन्टेलुकास्टमुळे काहींना भयानक स्वप्ने, चिडचिड, नैराश्य, आत्महत्येचे विचारही येऊ शकतात, म्हणून मार्च २०२० मध्ये अमेरिकेत त्याच्या वेष्टणावर सर्वांत कडक इशारा छापणे बंधनकारक झाले. इतर औषधांनी भागत असेल तर नुसत्या शिंकांसाठी ते घेऊ नये. मूल ही गोळी घेत असताना एकाएकी हट्टी, रडवे झाले, रात्री दचकून उठू लागले, तर डॉक्टरांना लगेच सांगावे. आणि मोसमात ‘एक इंजेक्शन घ्या, तीन महिने बघायला नको’ असे कोणी म्हटले तर ते इंजेक्शन नाकारावे. ते साऱ्या शरीरात जाणारे दीर्घ मुदतीचे स्टिरॉइड असते. त्याने मधुमेहींची साखर चढते, आणि वर्षानुवर्षे घेतल्यास हाडे ठिसूळ होतात. नाकातल्या स्प्रेला घाबरणारा माणूस हे इंजेक्शन आनंदाने घेतो, हे पाहून फार वाईट वाटते.

घरगुती उपायांमध्ये मिठाच्या पाण्याने नाक धुणे, आपली जलनेती, हा खरोखर उपयोगी उपाय आहे. कण धुऊन निघतात आणि त्यानंतर पंधरा मिनिटांनी मारलेला स्प्रे अस्तरापर्यंत नीट पोचतो. पाव लिटर पाण्याला चहाचा सपाट अर्धा चमचा आयोडीन नसलेले बारीक मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. मीठ कमी पडले तर नाक झोंबते, फार झाले तरी झोंबते. चमच्याचा अंदाज नसेल तर तयार पुडी घ्यावी. पाणी खळखळून उकळून कोमट केलेलेच हवे. नळाचे, बोअरचे, टाकीचे, माठातले नको. अशा पाण्यातला नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा नाकावाटे मेंदूत गेला तर जीव वाचणे अवघड असते. २०२४ आणि २०२५ मध्ये केरळात अमीबाच्या मेंदूज्वराने माणसे दगावली आहेत. उकळलेले पाणी झाकून ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी नवे करावे. धुताना बेसिनवर वाकून मान एका बाजूला कलवावी, तोंडाने श्वास घ्यावा, गिळू नये. नंतर पुढे वाकून दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून हलकेच शिंकरावे. एक दाबून जोरात शिंकरले की पाणी कानात सरकते. नाक ठार बंद असेल किंवा कान दुखत असेल तर त्या दिवशी नेती करू नये.

वाफेने घटकाभर बरे वाटते, ऍलर्जीवर ती काही करत नाही आणि पातेले कलंडून लहान मुले भाजतात. हळदीचे दूध आवडत असेल तर खुशाल प्यावे. स्थानिक मध चाटून परागकणांची सवय होते ही समजूत मात्र चुकीची आहे. मधमाश्या गोळा करतात ते परागकण बहुतांशी फुलांचे, जड आणि चिकट. नाकात जातात ते वाऱ्यावर उडणारे, गवताचे. लहान मुलांच्या नाकात तेल सोडू नये, ते श्वासाबरोबर फुप्फुसात उतरू शकते. डोळे चोळण्याऐवजी थंड पाण्याची घडी ठेवावी, फार खाज असेल तर ओलोपाटाडिनचे थेंब विचारून घ्यावेत. डोळ्यांचे स्टिरॉइडचे थेंब परस्पर कधीही नकोत, त्यांनी डोळ्यातला दाब वाढून नजर जाऊ शकते.

आता एक खुलासा करायला हवा. ऑक्टोबरमधली प्रत्येक शिंक परागकणांची नसते. याच महिन्यात आपण माळ्यावरची भांडी, गाद्या, जुनी पुस्तके काढून दिवाळीची झाडलोट करतो. त्या धुळीतले सूक्ष्म कीटक, ज्यांना माइट म्हणतात, आणि पावसाळ्यात भिंतींवर चढलेली बुरशी हीही मोठी कारणे आहेत. घराबाहेर, मोकळ्या मैदानात, सकाळच्या फेरीत त्रास वाढत असेल तर परागकणांचा संशय घ्यावा. अंथरुणात किंवा झाडताना वाढत असेल, वर्षभर राहत असेल, तर माइटचा. खात्री करायची तर त्वचेवरची टोचणी-चाचणी करावी. तिच्या आधी सुमारे आठवडाभर ऍलर्जीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर चाचणी खोटीच कोरी येते. नाकाचा स्प्रे चालू ठेवता येतो. रक्तातले एकूण ‘आयजीई’ (ऍलर्जीत वाढणारे प्रतिपिंड) वाढलेले आहे एवढ्यावरून कशाची ऍलर्जी ते कळत नाही. आणि चाचणीत पुरळ उठले पण त्या गोष्टीने प्रत्यक्षात त्रास होत नसेल तर त्याला आजार म्हणू नये. नाहीतर माणसे विनाकारण वांगी, दही, केळी सोडून बसतात.

चाचणी आणि त्रास जुळले, औषधांनी भागत नसेल, तर इम्युनोथेरपीचा विचार करता येतो. त्याच परागकणांचा अंश वाढत्या प्रमाणात इंजेक्शनने किंवा जिभेखाली देतात. निदान तीन वर्षे नेटाने घ्यावी लागते. सहा महिन्यांत सोडली तर पैसे वाया. इंजेक्शन दवाखान्यातच घ्यावे आणि पुढचा अर्धा तास तिथेच थांबावे, कारण क्वचित जिवावर बेतणारी प्रतिक्रिया येते. दमा आटोक्यात नसेल तर ही थेरपी सुरू करत नाहीत. रात्रीचा खोकला, छातीत घरघर, जिना चढताना धाप असेल तर प्रश्न नाकापुरता राहिलेला नाही, छातीच्या डॉक्टरांकडे जावे.

एवढे सारे माणसाने स्वतः करायचे. गाजर गवताचे काय? पुण्यात त्याची नोंद १९५५ साली झाली, अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते आले असे सांगितले जाते. आज ते महाराष्ट्रात कुठे नाही असे ठिकाण सापडणे कठीण. एका झाडाला हजारोंनी बी धरते. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयातर्फे १६ ते २२ ऑगस्ट हा गाजर गवत जागृती सप्ताह दर वर्षी पाळला जातो. तारीख अगदी योग्य आहे, कारण तेव्हा माती ओली असते आणि बरीच झाडे फुलोऱ्यावर यायची असतात. आपल्या गावांतून आणि शहरांतून मात्र कापणी बहुधा सणांच्या तोंडावर, पांढरी फुले डोलू लागल्यावर होते. यंत्राचे पाते फिरते, परागकण आणि पानांवरची लव हवेत उडते, कापणाऱ्या कामगाराच्या मानेवर आणि हातांवर पुरळ उठते आणि बुडखा शिल्लक राहिल्याने झाड पुन्हा फुटते.

हे काम पावसाच्या उघडिपीत, रोप जमिनीलगत पसरलेले असताना, मुळासकट उपटून करायला हवे. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि मास्क कामगारांना दिलेच पाहिजेत. नुसत्या हाताने उपटायला लावणे अन्यायाचे आहे. फुले आलेली झाडे खताच्या खड्ड्यात टाकू नयेत, त्यांतले बी जगते. पडीक जागेवर, पिके नसतील तिथे, दहा लिटर पाण्यात दीड ते दोन किलो मीठ विरघळवून कडक उन्हात फवारले तरी रोपे जळतात. उन्हाळ्याच्या शेवटी टाकळ्याचे बी फेकून ठेवले तर टाकळा दाट वाढून गाजर गवताला जागा देत नाही. १९८४ मध्ये बंगळूरला सोडलेला मेक्सिकन भुंगाही पावसाळ्यात त्याची पाने फस्त करतो, जिथे तो दिसेल तिथे कीटकनाशक मारू नये.

महापालिका आणि ग्रामपंचायतींना माझी विनंती आहे की गाजर गवत काढण्याचे काम जुलैअखेर ते ऑगस्ट या काळात नेमून द्यावे आणि ठेक्याच्या अटींत ‘फुलोऱ्यापूर्वी, मुळासकट’ हे शब्द लिहावेत. दुसरी विनंती आपल्या वृत्तपत्राला. हवेतल्या धुळीचा आकडा आपण छापता, तसे परागकणांचे मोजमाप आपल्या शहरांत रोज मिळत नाही. चंडीगढमध्ये तिथल्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेच्या आणि पंजाब विद्यापीठाच्या संशोधकांनी कोणत्या महिन्यात कोणते परागकण हवेत असतात याचे कॅलेंडर तयार केले आहे. पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर इथल्या विद्यापीठांच्या वनस्पतिशास्त्र विभागांना तसे कॅलेंडर करण्यासाठी आपण जाहीरपणे साकडे घालावे. ते होईपर्यंत निदान ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एक चौकट छापावी: दर वर्षी त्रास होणाऱ्यांनी आता डॉक्टरांकडे जावे, सकाळच्या वाऱ्यात खिडक्या लावून घ्याव्यात, कपडे आत वाळवावेत, दुचाकीवर मास्क आणि काच असलेले हेल्मेट घालावे, घरी आल्यावर केस धुवावेत, केर काढण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे.

– एक फार्मासिस्ट, पुणे