नाटकाचे जुने पडदे वाचवा

महोदय,

आमच्या गावच्या नाट्यमंडळाने या पावसाळ्यात 'रस्त्याचा पडदा', म्हणजे रंगमंचाच्या मागे टांगायचा रस्त्याच्या चित्राचा पडदा, लाकडांवर झाकायला काढला. मला कळले तेव्हा श्रावण उजाडला होता आणि पडद्यावरचे आभाळ निळ्या ओघळांनी अंगणात उतरले होते. रंगाच्या भुकटीत सरस कालवून हे पडदे रंगवत. पाणी लागले की रंग सुटतो.

तो पडदा १९६२ साली माझ्या वडिलांनी रंगवला. मी नऊ वर्षांची होते. मांजरपाटाचे पट्टे जोडून शिवलेले कापड आधी रंगमंचावर टांगले. वडील मधल्या रांगेच्या जागी पोत्यावर बसले आणि काकांना पडद्यावर आपल्या डोळ्यांच्या उंचीला खूण करायला लावली. ती क्षितिजरेषा. मग पडदा शाळेच्या भिंतीवर ताणून त्या रेषेवर एक खिळा ठोकला, त्याला गेरू माखलेली दोरी बांधली. दुसरे टोक वडील ओढून धरत, मधे चिमटीत धरून दोरी सोडायचे काम माझे. दोन्ही बाजूंच्या घरांची जोती, वळचणी, खिडक्यांच्या चौकटी अशी सगळी सुते त्या एका खिळ्यातून मारली. अलीकडचा दिव्याचा खांब माझ्या दुप्पट उंच, शेवटचा वीतभर. लांबच्या डोंगरासाठी निळीत सफेदा वाढवत नेला, कडा ओल्या फडक्याने पुसट केल्या. "मधली हवा दिसली पाहिजे," वडील म्हणत.

प्रयोगाच्या रात्री ते रंगमंचावर खडूची रेघ मारून नटांना बजावत, हिच्या मागे जायचे नाही. मागे गेलेल्या नटाचे डोके रंगवलेल्या माडीच्या खिडकीला लागे आणि कोसभर लांबीच्या रस्त्याचे क्षणात कापड होई.

कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. बाबूराव पुढे चित्रपटांकडे वळले. त्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. गावोगावच्या पेंटरांचे पडदे मात्र देवळांच्या माळ्यांवर घड्या घालून पडले आहेत, आणि प्रत्येक घडीवर रंग तडकतो आहे. मंडळांना माझी कळकळीची विनंती आहे : पडदा जाड नळीवर, रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळा, वर सुती कापड घाला, कोरड्या जागी ठेवा. वर्षातून एकदा तरी तो टांगा आणि शाळेतल्या मुलांना समोर बसवा. मी ३१ वर्षे चित्रकला शिकवली. एलिमेंटरी चित्रकला परीक्षेला बसणारी मुले मार्गदर्शिकेतले खोके बिनचूक उतरवतात, पण रेषा कुठे जाऊन मिळतात हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले नसते.

आमच्या मंडळाकडे वडिलांचा राजवाड्याचा पडदा अजून आहे. काळ्या-पांढऱ्या फरशीच्या टोकाला, सिंहासनामागच्या कमानीत, खिळ्याचे भोक दिसते. तो ठेवायला मी घरची माजघराची भिंत मोकळी केली आहे. मंडळाने तो पुढच्या पावसाआधी माझ्याकडे सोपवावा.

— एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, जि. रत्नागिरी