योग्य पोल हाती देणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सादर नमस्कार.

तुमचे आभार घरी येऊनही मानता आले असते. परंतु माझ्या मुलीसाठी तुम्ही जे केलेत ते पुण्यात बांबू उडीकडे (पोल व्हॉल्टकडे) वळणाऱ्या इतर मुलामुलींच्या पालकांनाही कळावे, असे मनापासून वाटते, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

आम्ही तुमच्याकडे आलो ते एकच गोष्ट विचारायला. ओळखीच्या एका गृहस्थांकडे साडेबारा फुटी, १४५ पौंडांचा वापरलेला पोल होता, तो घ्यावा की नाही, हे आम्हाला ठरवायचे होते. २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत रोझी मीना पॉलराजने मारलेली ४.२० मीटरची उडी मुलीच्या डोळ्यांसमोर होती आणि पोल जितका लांब तितकी उडी उंच, असे तिने मनाशी धरले होते. तुम्ही तिचे सगळे म्हणणे ऐकून घेतलेत, तिला वजनकाट्यावर उभे केलेत आणि हिशेब समोर मांडलात. तिचे वजन ४६ किलो, म्हणजे १०१ पौंडांच्या आसपास. पोलवर छापलेले पौंड हे तो पोल वरच्या टोकाजवळ धरून उडणाऱ्या खेळाडूच्या वजनासाठी असतात; तोच पोल खाली धरला की तो अधिक कडक होतो, आणि ढोबळ मानाने अर्धा फूट खाली धरल्यास दहा पौंडांचा फरक पडतो. नवशिक्या मुलीला साडेबारा फुटी पोल बराच खाली धरावा लागणार, म्हणजे आधीच जड असलेला तो पोल तिच्यासाठी आणखी कडक होणार, हे तुम्ही इतक्या शांतपणे समजावलेत की तिने स्वतःच त्या पोलचा नाद सोडला.

त्यामागचा धोकाही तुम्ही लपवला नाहीत, याबद्दल मी विशेष ऋणी आहे. पोल कडक किंवा लांब असला तर तो सरळ उभा राहण्याआधीच थांबतो आणि खेळाडूला धावपट्टीकडे, क्वचित पोल रोवायच्या २० सेंटिमीटर खोल बॉक्सवरच, मागे टाकतो. उलट वजनाच्या मानाने मऊ पोल अति वाकतो, खेळाडूला गादीच्या पार टोकाला किंवा बाजूला फेकतो आणि प्रसंगी मोडतोही. अमेरिकेतील शालेय स्पर्धांत खेळाडूचे वजन पोलवरील आकड्यापेक्षा जास्त असून चालत नाही. जागतिक संघटनेच्या नियमांत मात्र पोलची लांबी, जाडी आणि साहित्य यांवर बंधन नाही, त्यामुळे योग्य पोल निवडण्याची जबाबदारी शिकवणाऱ्यावरच येते. ही जबाबदारी तुम्ही किती गांभीर्याने घेता, ते आम्ही जवळून पाहिले.

तुम्ही स्वतःकडचा दहा फुटी, ११० पौंडांचा पोल तिला वापरायला दिलात. देण्यापूर्वी त्याच्या पूर्ण लांबीवर सुती फडके फिरवलेत, कारण काचतंतू कुठे उचकटला असेल तर फडके तिथे अडकते. बुडाचे रबरी टोपण काढून आत पाहिलेत. मग पोल दोन खुर्च्यांच्या पाठींवर आडवा ठेवून हलकेच फिरवलात. तो आपोआप ज्या बाजूवर येऊन स्थिरावला, ती त्याची नैसर्गिक बाकाची बाजू असते, आणि तिथे तुम्ही खडूने खूण केलीत. बुटाच्या स्पाइकचा ओरखडा किंवा बॉक्सच्या कडेवर आपटल्याची खोक दिसली की पोल किती का महाग असेना, तो बाजूला ठेवायचा, हेही तेव्हाच बजावलेत. पोलचा फ्लेक्स क्रमांक काय सांगतो, हे मुलीने विचारल्यावर तुम्ही सांगितलेत की दोन्ही टोकांना आधार देऊन मध्ये ५० पौंड टांगल्यावर पोल जितके सेंटिमीटर खाली झुकतो तो हा आकडा, म्हणजे आकडा लहान तितका पोल कडक. मात्र निरनिराळ्या कंपन्यांच्या मोजण्याच्या पद्धतींत फरक असल्याने एका कंपनीचा आकडा दुसरीच्या आकड्याशी ताडून पाहू नये.

सुरुवातीचे सराव तुम्ही पोल न वाकवता, लांब उडीच्या वाळूत, हात पोचतो त्याच्या जरासे वर धरून करून घेतलेत. पोल वाकवण्याची घाई मुलांना फार असते, आणि माझ्या मते पालकांना त्याहून अधिक. ग्रिप, म्हणजे पोल धरण्याची जागा, मूठभर वर नेण्यासाठी तुमची अट एकच होती: पोल सरळ उभा राहून ती गादीच्या मधोमध उतरली पाहिजे, तीही नेहमी, एखाद्या वेळी नव्हे. रनअप लहान असेल तर पोलही लहान, या शिस्तीमुळे तिच्या मनातली भीती गेली, हे मी आई म्हणून खात्रीने सांगू शकते.

बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात, जिथे २०१३ साली आशियाई अॅथलेटिक्स स्पर्धा झाली, तिथे आता ती नियमित सराव करते. सिंहगड रस्त्यावरून पोल नेताना तो गाडीच्या टपावर दोन ठिकाणी आधार देऊन बांधतो आणि मागच्या टोकाला लाल फडके लावतो, तेही तुम्हीच शिकवलेले.

तिची ग्रिप आता पोल धरण्याची वरची मर्यादा दाखवणाऱ्या पट्टीपर्यंत पोचली आहे आणि ती गादीवर बरीच आत उतरू लागली आहे. पुढचा पोल पाच पौंडांनी वाढवावा की दहा, की त्याच पौंडांचा अकरा फुटी घ्यावा, हे तिचा रनअप पाहिल्याशिवाय ठरवू नये, असे तुम्हीच सांगितले आहे. सवड होईल त्या रविवारी सकाळी बालेवाडीला यावे, ही नम्र विनंती. तुमचा दहा फुटी पोल त्याच दिवशी पुसून, तपासून परत करू.

आपली कृतज्ञ,
एका नवशिक्या खेळाडूची आई
सिंहगड रस्ता, पुणे